यायची गरज नाही

"सर, लेक्चरला यायलाच हवं का?" असं तिनं विचारलं तेव्हा मी फळ्यावरचा नकाशा गुंडाळत होतो. तो नकाशा जुना आहे. गुंडाळताना एका अंगाला वाकडा जातो, मग पुन्हा उलगडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोन्ही हात त्यात अडकलेले, लक्ष काठीकडे. त्यामुळे मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पुढे कितीतरी दिवस मी ते तोंड आठवायचा प्रयत्न केला आणि दर वेळी मला त्या नकाशाची विटलेली निळी कडच दिसली. तिसऱ्या वर्षाचा वर्ग. त्या दिवशी पाच जण आले होते, चार निघून गेले आणि ही मागं थांबली होती. "खरं सांगू का?" मी म्हणालो. ती म्हणाली, "खरंच सांगा." मग मी सांगितलं. मी बोलतो ते सगळं पुस्तकात आहे, उलट पुस्तकात जास्त नीट आहे, आकृत्यांसकट आहे. हुशार मुलगी आहेस, घरी बसून वाचलंस तरी तेवढेच मार्क पडतील. "यायची गरज नाही," असं मी म्हणालो. "घरी असंच सांगितलं तर चालेल?" तिनं विचारलं. "बेलाशक," मी म्हणालो. हा शब्द मी एरवी वापरत नाही, कुठून तोंडात आला कोण जाणे. नकाशा कोपऱ्यात उभा करून, हात झटकून मी हजेरीपट उचलला, तोवर ती तिथंच होती. मग "बरं, सर" म्हणाली आणि गेली.

जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. खरं बोलल्यावर वाटतं तसं. सव्वीस वर्षं मी भूगोल शिकवतोय. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात सत्तर मुलं बसायची, उशिरा येणारी खिडकीच्या कट्ट्यावर टेकायची. मग ती पन्नास झाली, तीस झाली, आणि कधीतरी मी मोजायचं सोडून दिलं. नियम आहे, पण तो कागदावर. गैरहजर मुलांना परीक्षेला बसू द्यायचं नाही म्हटलं तर बसायला कुणी उरणारच नाही, हे प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक. मुलं येत नाहीत म्हणून आम्ही पाट्या टाकतो आणि आम्ही पाट्या टाकतो म्हणून मुलं येत नाहीत. यात आधी काय झालं ते कुणी सांगू शकत नाही. शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट हसत हसत सांगितली. संख्याशास्त्राचे सर, ज्यांना सगळे पाठीमागं 'सरासरी' म्हणतात, ते म्हणाले, "उरलेल्या चौघांनाही सांगून टाका, म्हणजे नकाशा गुंडाळायचा त्रास वाचेल." सगळे हसले. मीही हसलो. पण डबा उघडताना माझ्या मनात एक बारीकशी कुरकुर होती. ती मुलगी एवढ्या लवकर 'बरं' का म्हणाली? निदान तोंडदेखलं तरी म्हणायचं होतं, नाही हो सर, तुमच्याकडून ऐकलं की वेगळंच समजतं. एवढंच हवं होतं मला. सव्वीस वर्षांत ते कुणी म्हणालं नव्हतं, आणि ज्या मुलीनं लेक्चरचं विचारायला तोंड उघडलं तिनं तरी म्हणावं अशी माझी अपेक्षा असणार. मी खरं बोललो होतो, पण ते खोडून काढावं म्हणून बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडाभरानं माझ्या ध्यानात आलं की मी कुठं बघून बोलायचं तेच मला कळेनासं झालंय. उरलेल्या चौघांपैकी दोघं खाली मान घालून लिहून घेतात, एक मोबाईल मांडीवर ठेवून त्यात बघतो, आणि एक मुलगी खरोखर आजारी असावी, तिचे डोळे मिटत असतात. ही मात्र काही वेळ लिहायची आणि एखादी गोष्ट मनाला लागली की पेनाला टोपण घालून नुसती ऐकत बसायची. टोपण लागल्याचा तो टक् असा आवाज. मला वाटतं मी वर्षभर त्या आवाजासाठी बोलत होतो आणि मला ते माहीत नव्हतं. एकदा नदी आपला प्रवाह कसा बदलते ते सांगताना मी वाहवत गेलो होतो. लहानपणी आमच्या गावाजवळची नदी एका पुरात पाव मैल सरकली, आणि आजोबांचं शेत तिच्या अलीकडचं पलीकडं झालं. मग आजोबा रोज काठावर जाऊन आपल्याच शेताकडं पाहत उभे राहायचे. हे पुस्तकात नाही. हे मी कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी टोपण अर्धा तास लागलेलं होतं. आणि तरी मी तिला सांगितलं, सगळं पुस्तकात आहे.

बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती संध्याकाळी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी गंमत म्हणूनच सांगितलं, सरासरींच्या विनोदासकट. ती हसली नाही. शेंगेतले दाणे अंगठ्यानं ओढून ताटलीत पाडत राहिली. मग म्हणाली, "ती विचारायला आली होती म्हणजे तिला यायचं होतं." मी म्हणालो, यायचं असतं तर आली असती, विचारायचं कशाला? "ज्याला यायचं नसतं तो विचारत नाही. तो येत नाही," ती म्हणाली. "तिला घरी सांगायला काहीतरी हवं होतं. सर म्हणाले यायलाच पाहिजे, असं." ती ताटली घेऊन उठली, नळाखाली धरली, आणि पाठमोरीच म्हणाली, "मलाही तुम्ही हेच सांगितलं होतं."

मला आठवेना. म्हणजे जे आठवत होतं ते वेगळं होतं. आमचं लग्न झालं तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती. या शहरात आल्यावर तिनं आमच्याच कॉलेजात नाव घातलं. दीड खोलीचं घर होतं, आई आमच्याजवळ होती आणि आईचे गुडघे गेलेले. दोन-तीन महिने ही जात होती. मग एके दिवशी ही म्हणाली, नको, मी बाहेरून परीक्षा देते. मी म्हणालो, तुझी मर्जी. असं मी पंचवीस वर्षं समजत आलो होतो, चारचौघांत सांगतही आलो होतो, की तिनंच सोडलं, मी कधी नाही म्हटलं नाही. "तूच नको म्हणाली होतीस," मी आता म्हणालो. "म्हणाले होते," ती म्हणाली. "त्याच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, की लेक्चर चुकलं तर फार बिघडेल का. तुम्ही म्हणालात, घरात प्राध्यापक असताना लेक्चर कशाला, मी शिकवतो. त्यानंतर मी नको म्हणाले." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही उत्तर दिलं असतं. मी शिकवायला बसलो होतो हेही मग मला आठवलं. दोन संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी पेपर तपासायला आले, मग मुलाची चाहूल लागली, मग वर्ष गेलं. ती परीक्षेला बसली नाही आणि त्या गोष्टीची आमच्या घरात कधी वाच्यता झाली नाही. मी तिला विचारलं, तुला तेव्हा कुठला विषय आवडायचा? ती हसली. म्हणाली, विषय आता काही आठवत नाही, इतिहास होता की काय होतं. खिडकीशेजारी बसायचे एवढं आठवतं. "पंचेचाळीस मिनिटं मला कुणी हाक मारायचं नाही," ती म्हणाली. मग तिनं गॅस पेटवला आणि मला सांगितलं, की त्या मुलीच्या घरी जाऊन या.

कार्यालयातल्या कारकूनबाईंनी पत्ता काढून दिला. गैरहजर मुलीचं घर शोधत निघालेले तुम्ही पहिलेच, असं म्हणाल्या. पाण्याचे पंप दुरुस्त करायच्या दुकानावर दुसरा मजला. खाली एक पंप चालू करून पाहत होते, त्याची घरघर जिन्यातून माझ्याबरोबर वर आली. दार तिच्या दादानं उघडलं. तो बस चालवतो, दुपारची पाळी संपवून नुकताच आला होता, शर्टाची वरची बटणं सोडलेली. मी कोण ते सांगितल्यावर तो एवढा गडबडला की खुर्चीवरचे कपडे उचलून कुठं ठेवावेत ते त्याला सुचेना. मला वाटलं होतं की दटावणारा, मुलीच्या जातीला शिक्षण कशाला म्हणणारा कुणीतरी भेटेल आणि मी त्याच्याशी चार शब्द भांडेन. तसं काही नव्हतं. आतल्या खोलीत वडील होते. पावसाळ्याआधी त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. सकाळी दादाची बायको त्यांच्याजवळ असायची, दुपारी ही. तेव्हा प्रश्न आला की वहिनीनं चालून आलेली नोकरी धरायची की नाही. "मी तिला म्हटलं, सरांना विचार," दादा म्हणाला. "सर यायलाच पाहिजे म्हणाले तर आपण काहीतरी करू. दिवसा एखादी बाई ठेवू, मी पाळी बदलून घेईन, नाहीतर ही नोकरी सोडून देऊ. सर नको म्हणाले तर मग प्रश्नच नाही. ती आली आणि म्हणाली, सर म्हणतात गरज नाही. आम्हाला किती हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू?" त्यानं माझ्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. मी म्हणालो की माझी चूक झाली, तिनं यायला हवं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्याबद्दल त्याला वाईट वाटत असावं. "आता कसं, सर?" तो म्हणाला. "बायकोला नोकरी लागून महिना झाला."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या आणि हात ओले होते. वडिलांना कूस बदलून दिली होती, अंग पुसत होती. मला पाहून ती ओशाळली. आपलं घर सरांनी असं अवेळी पाहिलं म्हणून असेल, किंवा सर माफी मागायला आले हे तिला आतून ऐकू आलं असेल. मी तिला म्हणालो, त्या दिवशी मी नीट विचार न करता बोललो. ती म्हणाली, "नाही सर, तुम्ही बरोबरच सांगितलंत. मी वाचतेय ना घरी. बाहेरून परीक्षा देईन." हे शब्द मी पंचवीस वर्षांपूर्वी ऐकले होते आणि तेव्हाही ते मला समजूतदार वाटले होते. मग मी जे करायला नको होतं तेच केलं. म्हणालो, दर रविवारी मी येऊन शिकवीन. दादाला फार आनंद झाला. घरी येऊन शिकवणारे सर कुणाला मिळतात, तो म्हणाला. ती 'या की, सर' म्हणाली, पाहुण्याला म्हणतात तसं.

मी गेलो. सहा रविवार गेलो, यातला एकही चुकवला नाही, हे मला कुणाला तरी सांगावंसं वाटतं. बाहेरच्या खोलीत टेबल ओढून आम्ही बसायचो. वडील आतून हाक मारायचे. त्यांना तिचं नाव नीट घेता यायचं नाही, 'आ' असा एक लांबलेला आवाज यायचा आणि ती उठायची. पाणी. उशी. पायावर बसलेली माशी. पंखा कमी, पंखा जास्त. दादा म्हणायचा, तू बस, मी बघतो. तो आत जायचा, पण म्हाताऱ्याला तीच हवी असायची, आवाज थांबायचा नाही. तिसऱ्या रविवारी मी नुसता बसल्या बसल्या मोजलं. एका तासात ती अकरा वेळा उठली. येऊन बसली की विचारायची, काय म्हणत होतात सर? आणि मी जिथं होतो तिथून सुरू करायचो, पण ते वाक्य तोवर थंड झालेलं असायचं. या खोलीत मी कितीही जीव तोडून बोललो तरी तिला पंचेचाळीस मिनिटं देऊ शकत नव्हतो. ती मिनिटं माझ्याजवळ नव्हतीच. ती त्या वर्गाच्या चार भिंतींत होती, जिथं हाक पोचत नव्हती. तिथं मी कसंही शिकवलं असतं, अगदी पाट्या टाकल्या असत्या, तरी चाललं असतं. सहाव्या रविवारी ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. खालचं दुकान बंद होतं, जिना शांत होता. "सर, रागावू नका," ती म्हणाली. "पुढच्या रविवारपासून नका येऊ. तुम्ही आलात की बाबा जास्त हाका मारतात. त्यांना वाटतं, मी कुठंतरी जाणार." मी म्हणालो, बरं. माझ्या तोंडून तोच शब्द आला. जिना उतरल्यावर मी मागं वळून पाहिलं नाही. ती वर उभी होती की आत गेली होती, ते मला माहीत नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, एवढ्या लवकर? मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शहाणी आहे. मला तुम्हाला असं सांगता आलं नव्हतं." मी दचकून तिच्याकडं पाहिलं. तेव्हाच्या त्या दोन संध्याकाळी आई आतून किती वेळा हाका मारत होती? मला एकही हाक आठवली नाही. मी शिकवत होतो.

परीक्षा झाली, निकाल लागला. भूगोलात ती कॉलेजात पहिली आली. माझ्या वर्गात नियमानं बसलेल्या चौघांपैकी तिघं कसेबसे पास झाले आणि एक नापास. शिक्षकांच्या खोलीत सरासरींनी तो तक्ता हातात घेऊन सगळ्यांना वाचून दाखवला. हजेरी आणि गुण यांचं इतकं स्वच्छ उलटं प्रमाण आपण उभ्या आयुष्यात पाहिलं नाही म्हणाले. "तुम्ही द्रष्टे आहात," ते मला म्हणाले. प्राचार्यांनीही मला बोलावून अभिनंदन केलं, मुलगी बाहेरून बसली होती तरी कॉलेजचं नाव झालं म्हणून. मी खरं बोललो होतो हे आता छापील कागदावर सिद्ध झालं होतं. तो कागद मला कुठंतरी जाऊन फाडून टाकावासा वाटत होता. तिला थोडे कमी गुण पडले असते, निदान माझ्या विषयात तरी ती अडखळली असती, तर मी दादाकडं जाऊन म्हणालो असतो, बघा, म्हणून यावं लागतं. असा विचार मी केला. एका मुलीनं नापास व्हावं असं तिच्या मास्तरानं मनात आणलं.

ती गुणपत्रिका न्यायला आली त्या दिवशी मी वऱ्हांड्यातून पहिल्या वर्षाच्या वर्गाकडं चाललो होतो. वर्ष नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे वर्ग भरलेला, त्यांचा गलका बाहेरपर्यंत येत होता. तिनं मला वाकून नमस्कार केला. बारीक झाली होती. केस घट्ट मागं बांधलेले, एका हातावर औषधाचा पिवळा डाग. मी तिचं कौतुक केलं आणि विचारलं, पुढं काय? एम.ए.ला नाव घाल, मी स्वतः दादाशी बोलतो. ती हसली. "दादा हो म्हणतोय, सर. एम.ए. कर म्हणतो. घरूनच." मग कागदाची घडी घालत ती म्हणाली, "आता सगळ्यांना कळलंय ना, मला कॉलेजची गरज नाही."

ती हे सहज म्हणाली. मी बाबांचं विचारलं, ती म्हणाली आहे तसंच आहे. आणखी काही बोलायचं राहिलंय असं वाटून आम्ही दोघंही तिथं उभे राहिलो. वर्गातून कुणीतरी बाहेर डोकावून 'आले, आले' म्हणालं आणि आतला गलका थांबला. "कुठलं वर्ष, सर?" तिनं विचारलं. मी सांगितलं, पहिलं, आज सुरुवातच आहे. ती दाराकडं पाहत होती. मी म्हणालो, "बसतेस?" तिनं मोबाईलमध्ये वेळ पाहिली. मग माझ्या आधी आत गेली आणि शेवटच्या बाकावर, दोन अनोळखी मुलींच्या शेजारी, त्यांनी सरकून दिलेल्या जागेत बसली. तिच्याजवळ वही नव्हती. तिनं दोन्ही हात बाकावर ठेवले.

मी पृथ्वीपासून सुरुवात केली. दर वर्षी तिथूनच करतो. माझ्याजवळ टिपणं होती ती मी उघडली नाहीत. काय बोललो ते मला आज सांगता येणार नाही, पण नीट बोलत होतो. एकदा मुलं हसली, एकदा अगदी चिडीचूप झाली. मी मागच्या बाकाकडं मुद्दाम पाहिलं नाही. सवयीनं पाहत गेलो असतो तर ती तिथं बसलीये म्हणून बोलतोय हे तिला कळलं असतं, आणि मग माझी नजरही एक हाकच झाली असती. फळ्यावर आकृती काढायला वळलो. खडू तुटला, दुसरा घेतला. वळून पाहिलं तेव्हा ती बाकाच्या कडेनं वाकून, कुणाला त्रास होऊ नये अशा बेतानं दाराकडं निघाली होती, हातातल्या मोबाईलचा दिवा उघडमीट करत होता. बारा मिनिटं झाली असतील. दोन अनोळखी मुली पुन्हा पसरून बसल्या. पहिल्या बाकावरच्या एकानं विचारलं, सर, हे लिहून घ्यायचं का? मी म्हणालो, नाही, हे नुसतं ऐका. आणि बोलत राहिलो, तास संपेपर्यंत.